किलविश स्वतः का येत नाही?



चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी 'कामगार चळवळ : काल आणि आज' असा विषय सुचविला होता. तो मी घेतला नाही. गेली तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांपुढे मी तेच बोलत आलो आहे, आणि इथे बसलेल्यांपैकी काही जुनी मंडळी ते भाषण झोपेतही म्हणून दाखवतील. मी चालकांना कळविले की मला दूरदर्शनवरच्या एका खलनायकावर बोलायचे आहे. त्यांचा लगेच फोन आला. विषय विनोदी आहे काय, असे त्यांनी जरा काळजीने विचारले. मी म्हटले, सुरुवात तरी विनोदी आहे.

मी विद्वान नाही. दहावीनंतर यंत्रावर उभा राहिलो, जे काही वाचले ते रात्रशाळेच्या कपाटातले आणि रद्दीवाल्याच्या तराजूतले. नाट्यशास्त्र मी वाचलेले नाही. तेव्हा आज जे सांगणार आहे ते प्रेक्षक म्हणून, बाप म्हणून आणि युनियनचा माणूस म्हणून सांगणार आहे.

१९९७ सालच्या सप्टेंबरात दूरदर्शनवर 'शक्तिमान' ही मालिका सुरू झाली आणि २००५ सालच्या मार्चपर्यंत चालली. आम्ही त्या वेळी घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहत होतो. मुलगा सहा वर्षांचा. पुढे ही मालिका रविवारी दुपारी लागू लागली, आणि त्या वेळी आमच्या गल्लीत चेंडूचा आवाज येत नसे, नळावर पोर दिसत नसे. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या उंबऱ्यावर चपलांचा ढीग. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी सतरा मुले मोजलेली आहेत.

मालिका मुकेश खन्ना यांची, दिग्दर्शन दिनकर जानी यांचे. नायक स्वतः खन्ना. योगाने सात चक्रे जागृत झालेला, पंचमहाभूतांतून घडलेला महापुरुष. एरवी मात्र पुढे आलेल्या दातांचा, चष्मेवाला, वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी करणारा गबाळा गंगाधर. आणि त्याच्या विरुद्ध उभा तमराज किलविश. ती भूमिका सुरेंद्र पाल यांनी केली होती. काळा वेष, गुहेसारखी जागा, आणि खर्जातला तो आवाज. त्याची घोषणा आजही कोणत्याही पस्तिशीच्या माणसाला विचारा : 'अंधेरा कायम रहे.' तो अंधाराचा सम्राट, जगातल्या सगळ्या पापाचा मूळपुरुष, युगानुयुगे चालत आलेले वैर. प्रत्येक भागात कोणीतरी थरथर कापत त्याचे नाव घ्यायचे.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगतो. हेच दोन नट त्याआधी चोप्रांच्या 'महाभारता'त होते. ते गोरेगावच्या चित्रनगरीत चित्रित झाले आणि १९८८ ते १९९० या काळात आपण सर्वांनी पाहिले. खन्ना भीष्म होते आणि सुरेंद्र पाल द्रोण. म्हणजे दोघे एकाच बाजूला, आणि तीही चुकीच्या. दोघेही खाल्ल्या मिठाला जागून लढले. पगार घेणाऱ्या माणसाची याहून मोठी शोकांतिका मला ठाऊक नाही. पण तो विषय पुढच्या वर्षी, चालकांनी बोलावले तर.

तर एका रविवारी मालिका संपली. मुले पांगली. माझा मुलगा पाटावर बसून राहिला आणि त्याने विचारले, "बाबा, किलविश स्वतः का येत नाही?"

प्रश्न बरोबर होता. किलविश दर आठवड्याला कोणालातरी पाठवी. कधी काळ्या मांजरीचे रूप घेणारी शलाका, जी अश्विनी काळसेकरांनी केली होती. कधी आणखी कोणी मायावी. तो मार खाई, पळे किंवा नष्ट होई. किलविश आपल्या जागी बसून गर्जना करी आणि पुढच्या आठवड्यासाठी दुसरा माणूस नेमी. एवढा सर्वशक्तिमान राजा, पण त्याच्या हातून प्रत्यक्ष वाईट असे फारसे घडताना दिसत नसे. त्यापेक्षा तो शास्त्रज्ञ डॉक्टर जॅकाल बरा, ललित परिमूंनी केलेला. तो निदान प्रयोगशाळेत राबत होता, चुकत होता, पुन्हा नवे काढत होता. कारखान्याच्या भाषेत बोलायचे तर जॅकाल उत्पादन विभागात होता आणि किलविश निव्वळ मुख्य कचेरीत.

मुलाला मी त्या दिवशी म्हटले, "तो मोठा माणूस आहे ना, मोठी माणसे स्वतः येत नाहीत." मुलगा गप्प बसला. पण मला ते उत्तर टोचत राहिले. त्याचे कारण पुढे सांगतो.

आधी खलनायकाचे. माझ्या व्यवसायात उचल नावाची गोष्ट आहे. पगाराआधी मजूर मुकादमाकडून पैसे उचलतो, मग ते कामातून फेडतो. गोष्ट सांगणारा माणूसही तसाच उचल घेतो. 'येतोय, येतोय, असा भयंकर येतोय की विचारू नका,' असे तो सांगतो तेव्हा तो आपल्याकडून भीती आगाऊ घेत असतो. ती फेडणे त्याला भाग आहे. प्रश्न एवढाच, की किलविशने फेडली काय?

फेडणारे मी पाहिलेले आहेत. रामानंद सागरांचे 'रामायण' १९८७-८८ साली लागले. उंबरगावला चित्रित झालेले. त्यात रावण अरविंद त्रिवेदींचा. लंकेचे नाव आपण आठवड्यामागून आठवडे ऐकत होतो, आणि रावण आला तो पूर्ण वजनाने आला. तो हसला की घरातली भांडी हलायची असे माझी आई म्हणे. पण माझ्या मते उचल फिटली ती त्या हसण्याने नव्हे. कुंभकर्ण पडला, इंद्रजित पडला, आणि तो माणूस सिंहासनावर आतून मोडताना दिसला, तेव्हा ती फिटली. त्याला घर होते, भाऊ होते, मुलगा होता, आणि आपल्या हट्टापायी तो ते सगळे एकेक करून गमावत होता. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदीत ती मालिका पुन्हा दाखविली. दिवसभर वस्तीत शिधा वाटून मी रात्री घरी यायचो आणि तिशीतला मुलगा व मी पुन्हा तोच रावण पाहायचो. पडद्यावरचे बाण आता हास्यास्पद वाटत होते. त्रिवेदी मात्र वाटले नाहीत. (हे त्रिवेदी १९९१ साली साबरकांठ्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि सीतेचे काम केलेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून, दोघेही एकाच पक्षातर्फे. लोकशाहीने रामायणाचा असा शेवट केला.)

दुसरा, आपल्या मराठीतला. 'सामना', १९७५ सालचा चित्रपट. लेखन विजय तेंडुलकर, दिग्दर्शन जब्बार पटेल, आणि निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील. हा अद्भुतातला खलनायक नव्हे हे मला कळते. पण पाहा, हिंदुरावाला गर्जना करावी लागत नाही. तो त्या दारुड्या मास्तराला घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, हसून बोलतो. त्याची सत्ता कुठून आली हे आपल्याला दिसते : साखर कारखाना, जमीन, माणसे, उपकार. आणि मारुती कांबळे नावाचा एक माणूस नाहीसा झालेला आहे, त्याचे काय झाले एवढाच प्रश्न आहे. एका माणसाचे काय झाले, एवढ्यावर अख्खा चित्रपट उभा राहतो. किलविशच्या नावावर सगळ्या जगाचे पाप होते, पण एकही मारुती कांबळे नव्हता.

तिसरा, आणि यावर काही मंडळी हसतील, तो तात्या विंचू. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला', १९९३. हातभर उंचीचा बाहुला, रामदास पाध्यांच्या कलेतून उभा राहिलेला, आणि मूळचा गुंड दिलीप प्रभावळकरांचा. मरता मरता या गुंडाने आपला जीव बाहुल्यात घातलेला असतो, आणि त्याला पुन्हा माणसाचे शरीर हवे असते. ते ज्याचे हवे तो आपला लक्ष्या, लक्ष्मीकांत बेर्डे. गोष्टीचे बीज परदेशी चित्रपटातले आहे हे जगजाहीर आहे; पण त्याने आमच्या वस्तीतल्या पोरांची झोप उडवली ती मराठीतूनच. का? तर त्या बाहुल्याला काय हवे आहे हे पाच वर्षांच्या पोरालाही समजत होते. किलविशला काय हवे होते? अंधार. बरे, अंधार झाल्यावर तो काय करणार होता? दिवा लावून हिशोब लिहिणार होता?

मी आणखी एक प्रश्न विचारीन, जो समीक्षक विचारीत नाहीत. किलविशच्या माणसांना पगार काय होता? ते सगळे दर आठवड्याला हरायला जात होते. आधीच्याचे काय झाले हे त्यांना माहीत होते. तरी जात होते. त्यांच्यापैकी एकानेही कधी मागणीपत्र दिले नाही.

पण न्याय करायचा तर दुसरी बाजू सांगितली पाहिजे. आमच्या डोंगरावर फ्यूज उडणे नेहमीचे. रात्री आठ-नऊला दिवे गेले की सगळ्या चाळीचाळींतून, वरच्या आळीपासून खालच्या नळापर्यंत, पोरे एका सुरात ओरडत : 'अंधेरा कायम रहे!' आणि मग हसत. मी त्या काळोखात उभा राहून ते ऐकलेले आहे. पडद्यावर ज्याने उचल फेडली नाही, त्याने ती तिथे, आमच्या गल्लीत थोडीशी फेडली, असे मी म्हणेन. ज्या अंधाराची पोरांना भीती वाटायची तोच ती ओरडून अंगावर घेत होती. सुरेंद्र पालांच्या आवाजाचे ते यश आहे आणि ते मी कमी मानीत नाही.

आणि एक कारण गंभीर आहे. त्या काळात वृत्तपत्रांतून बातम्या येत होत्या की शक्तिमान वाचवायला येईल या समजुतीने कुठे कुठे मुलांनी स्वतःला इजा करून घेतली. खन्नांना पडद्यावरून मुलांना समजावून सांगावे लागले. त्या बातम्या कितपत खऱ्या यावर वाद झाले. पण आम्ही आयाबाप घाबरलो हे खरे. माझ्या मुलाला मी गच्चीच्या कठड्यावरून एकदा ओढून काढला आहे. सांगायचे ते असे की मुलांचा नायकावर इतका विश्वास बसला होता की खलनायकाला जागाच उरली नव्हती. ज्याला कोणी हरवूच शकत नाही त्याच्यापुढे किलविश काय, कोणीही उभा केला तरी तो थिटाच पडणार.

शिवाय मालिका दर आठवड्याची. किलविश जिंकला तर मालिका संपते, मेला तरी संपते. म्हणून त्याला ना जिंकू द्यायचे ना मरू द्यायचे. वर्षानुवर्षे टिकलेल्या त्या मालिकेत हा मनुष्य एका अर्थी बेमुदत बदली कामगार होता : कायमही नाही आणि कमीही करीत नाहीत.

परदेशी लोकांना हे साधले असेल म्हणावे, तर तसेही नाही. २०११ साली अमेरिकेत 'गेम ऑफ थ्रोन्स' नावाची मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्याच प्रसंगात हिमातले प्रेतवत राक्षस दिसतात, आणि पुढे त्यांचा राजा येतो, ज्याला ते रात्रीचा राजा म्हणतात. तो एक शब्द बोलत नाही. आठ वर्षे सगळे सांगत राहतात की हिवाळा येतोय आणि त्याच्याबरोबर मरण येतेय. २०१९ च्या एप्रिलात तो आला, एका रात्रीची लढाई झाली, आणि एका मुलीने सुरा खुपसताच तो काचेसारखा फुटला. त्यानंतर तीन भाग शिल्लक होते. माझा मुलगा त्या दिवशी पहाटे उठून मोबाईलवर ते पाहत होता. चहा पिताना म्हणाला, "बाबा, याच्यापेक्षा किलविश बरा. निदान बोलायचा तरी." मी तेव्हा हसलो. पण तो राजा आला होता, हे कबूल केले पाहिजे. स्वतः आला होता.

आता ते टोचणारे उत्तर.

१९९८ साली साकीनाक्याच्या बाजूला, यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आम्ही युनियन बांधली. दीडशेच्या आसपास माणसे. व्यवस्थापक नवा होता, कडक होता. त्याने तिघांना काढले, जादा पाळी लावली. फाटकावरच्या सभेत बोलणारा मुख्य वक्ता मी. तिशीचे वय, आवाज चांगला, टाळ्यांची चटक लागलेली. मी त्या व्यवस्थापकाचा राक्षस केला. पत्रकात त्याला शिंगे काढली. एका सभेत त्याला मी किलविश म्हटले, आणि कामगारांनी जी घोषणा दिली ती तुम्ही ओळखलीच असेल. मुलाकडून शिकलेला तो विनोद मी आठ दिवस वापरला. कामबंद सुरू झाले आणि चार महिने चालले.

शेवटी वाटाघाटींना बोलावले. आमच्याकडून पाच जण आत गेलो. त्यांतले तिघे यंत्रावरचे. त्यांनी त्या माणसाला इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. टेबलामागे एक बारीकसा, डोळ्यांखाली काळे पडलेला मनुष्य बसला होता. समोर पित्ताच्या गोळ्यांची पट्टी. तो बोलताना वारंवार फोनकडे पाहत होता. दर मुद्द्यावर म्हणत होता, "विचारून सांगतो." कोणाला विचारून, ते त्याने सांगितले नाही. माझ्या शेजारी बसलेला टर्नर, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, जिन्यावर येता येता मला म्हणाला, "साहेब, हाच का तो?"

कारखाना पुन्हा उघडला नाही. यंत्रे रातोरात दुसऱ्या राज्यात हलली. तो निर्णय झाला त्या खोलीत आमच्यापैकी कोणी नव्हता, आणि नंतर कळले की तो व्यवस्थापकही नव्हता. त्याला पुढल्या वर्षी काढले. टर्नरने नंतर भाजीची गाडी लावली. एकदा त्याच्याकडून मेथी घेताना मी काहीबाही बोलू लागलो तेव्हा त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाला, "तुम्ही आम्हाला भलत्याच माणसाशी लढवलेत." त्याने पैसे घेतले, सुटे मोजून परत दिले. भांडला असता तर मला बरे वाटले असते.

मी उचल घेतली होती, श्रोतेहो. दीडशे घरांतून घेतली होती.

याची उलट बाजूही आपल्या उपनगरांनी पाहिली आहे. डॉक्टर दत्ता सामंत घाटकोपरला पंतनगरात दवाखाना चालवीत होते, खाणकामगारांना तपासता तपासता ते चळवळीत आले. १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा कित्येकांनी त्यांचाच राक्षस केला. १९९७ च्या जानेवारीत पवईला त्यांचा गोळ्या घालून खून झाला. 'शक्तिमान' त्याच वर्षी सुरू झाले. त्यांच्याशी माझे मतभेद होते. पण ज्यांनी त्यांना फक्त वर्तमानपत्रातून पाहिले होते ते आणि ज्यांनी दवाखान्यात पाहिले होते ते, ही दोन निरनिराळ्या माणसांविषयी बोलणारी मंडळी होती. राक्षस करण्याची ही कला एकट्या आमच्या धंद्याची नाही, एवढेच सांगायचे होते.

शेवटी किलविशचे काय झाले हे पुष्कळांना आठवत नाही. मीही मित्रमंडळींत विचारून पाहिले, प्रत्येकाने वेगळे सांगितले. मालिका का थांबली ते मात्र खन्नांनी मुलाखतींतून सांगितले आहे : दूरदर्शनला वेळेपोटी द्यावे लागणारे शुल्क वाढत गेले आणि परवडेनासे झाले. म्हणजे पाहा, अंधाराच्या सम्राटाला जे आठ वर्षांत जमले नाही ते दरपत्रकाने केले. त्याला ना आवाज, ना काळा झगा.

त्या मालिकेला पारले-जी बिस्किटांचे प्रायोजकत्व होते. आमची सतरा पोरे शक्तिमान पाहताना तेच बिस्कीट चहात बुडवीत असत. विलेपार्ल्याचा तो कारखाना पूर्वी गाडीतून डोळे मिटूनही ओळखता यायचा. भाजणीचा गोड वास फलाटापर्यंत येई. २०१६ साली तो बंद झाला. उत्पादन तिथे कमी कमी होत गेले होते, जागा मुंबईतली होती, इतर कारखाने इतरत्र होते. मी बातमी वाचली, तेव्हा सवयीने मनात खलनायक शोधू लागलो. बराच वेळ शोधला. मग गाडी पार्ल्याला थांबली तेव्हा खिडकीतून वास येतो का पाहिले.

आता मुलगा. तो शिकला, माझ्यासारखा अडला नाही. अंधेरीला एका संगणक कंपनीत होता. मागच्या महिन्यात एका सकाळी त्याच्या यंत्राने त्याला आत घेतले नाही. मग भ्रमणध्वनीवर एक पत्र आले : आपली सेवा आजपासून समाप्त. खाली नाव नव्हते, सही नव्हती. 'उत्तर देऊ नये' असे लिहिले होते. त्याच्या वरचा साहेब त्याच दिवशी गेला, त्याच्या वरचा कोण ते त्याला माहीत नाही, कारण तो दुसऱ्या देशात आहे.

त्या रात्री तो घरी आला, जेवला, आणि माझ्यासमोर बसून म्हणाला, "बाबा, भेटायचे कोणाला?"

पंचवीस वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न, आणि माझ्याकडे तेव्हापेक्षा फार बरे उत्तर नाही. मोठी माणसे स्वतः येत नाहीत, हे मी या वेळी म्हटले नाही. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, शेवटच्या दिवसाचा हिशोब, असे सगळे कागद मी त्याला काढायला लावले. कायद्याने तो 'कामगार' ठरतो की नाही इथेच पहिला वाद होणार आहे. त्याच्या हुद्द्यात 'व्यवस्थापक' हा शब्द आहे, जरी त्याच्या हाताखाली कोणी नव्हते. त्याच्या बरोबरीचे अकरा जण आहेत. त्यांतले चार काल आमच्या घरी आले होते; एकालाही युनियन म्हणजे काय ते धड माहीत नव्हते, पण एकाने आल्या आल्या भिंतीवरचा जुना फोटो पाहून विचारले, "काका, तुम्ही त्या साकीनाक्याच्या संपात होता का? माझे आजोबा होते."

उद्या सोमवार. अकरा वाजता आम्हाला वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवनात पोहोचायचे आहे, आणि अर्जावर 'विरुद्ध पक्ष' या ओळीपुढे कोणाचे नाव लिहायचे ते अजून ठरलेले नाही.